एस्पोझितो घराण्याचा सिंह

आमच्या आडनावाचा कुलवृत्तांत मी गेली चार वर्षं जुळवतोय. मूळ पुरुषापासून परवा बारसं झालेल्या पोरापर्यंत सगळ्यांना पिढीवार नंबर द्यायचे, कोण कुठे शिकला, कुणाची मुलगी कुणाकडे दिली ते लिहायचं, आणि शेवटी सहाशे पानांचं पुस्तक छापून नातेवाइकांच्या गळ्यात मारायचं, असा हा उद्योग. पुण्यातली समिती भारताची बाजू बघते, अमेरिकेची शाखा माझ्याकडे. पिस्कॅटवेच्या आमच्या घरातली एक खोली या कामाने भरून गेली आहे. खापरपणजोबांच्या हातचं अर्धं फाटलेलं पत्र, कोकणातल्या एका देवळाच्या वहीतला तीन ओळींचा कागद, असलं सगळं मी लॅमिनेट करून ठेवलंय. बायको म्हणते, तुम्हाला कागदाचा कपटासुद्धा टाकवत नाही. हे म्हणताना ती माझ्याकडे जशी बघते त्याचा अर्थ मला या वर्षी कळला.

कच्च्या प्रती मी हिवाळ्यात सगळ्यांना ईमेलने पाठवल्या आणि तिथून घरात बिनसलं. माझा धाकटा भाऊ शिकागोजवळ शॉमबर्गला राहायचा. तो आणि त्याची बायको, दोघंही आता नाहीत. त्यांना मूल झालं नाही, तेव्हा बत्तीस वर्षांपूर्वी त्यांनी पुण्याच्या एका अनाथाश्रमातून मुलगी आणली. माझ्या मसुद्यात भावाच्या नावापुढे छापलं होतं, ‘अपत्य नाही. दत्तक कन्या एक.’ त्याखाली तिचं नाव, बारीक टायपात, नंबराशिवाय. समितीचा नियमच तसा होता, आणि खरं सांगायचं तर तो नियम मसुद्यात मीच घातला होता. ज्याचं मूळ कूळ ठाऊक नाही त्याला नंबर नाही. आमच्या पाचव्या पिढीतला पुरुषही दत्तकच होता, पण तो भाऊबंदांतला. म्हणून त्याला नंबर आहे, आणि त्याच्यामुळे आम्हा सगळ्यांना आहे.

भाऊ आजारी असताना एकदाच म्हणाला होता, “दादा, तिला नंबर दे.” मी त्याला नियम समजावून सांगितला. मी इंजिनिअर माणूस, नियम फार छान समजावतो. तो पुन्हा त्या विषयावर बोलला नाही.

याच वर्षी आमच्या मुलीचं लग्न ठरलं. तिला सख्खी बहीण नाही. लहानपणापासून ही चुलतबहीणच तिची बहीण, दर उन्हाळ्यात महिनाभर आमच्याकडे असायची. तेव्हा करवली कोण, हा प्रश्नच नव्हता. पण मसुदा पोचल्यावर आठवड्याभरात पुतणीचा निरोप आला, की कामाचं जमत नाहीये, लग्नाला येणं कठीण दिसतं. अगदी गोड शब्दांत. मुलीने फोन खाली ठेवला आणि मला इंग्रजीत सांगितलं की माझ्या लग्नात माझ्या शेजारी ती उभी नसेल तर तिथे कुणीच उभं राहणार नाही, आणि हे तुमच्या पुस्तकामुळे झालंय. मी म्हणालो, पुस्तक भावनेवर चालत नाही. आता हे वाक्य आठवलं की कानशिलं तापतात.

नवरा मुलगा इटालियन वंशाचा, इथेच न्यू जर्सीत जन्मलेला. आडनाव एस्पोझितो. मुलगा उत्तम, हसरा, मला अंकल म्हणतो आणि वरण-भातावर तूप मागून घेतो. माझी तक्रार शून्य. पण आमच्या इथल्या मराठी मंडळातल्या लोकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, कुठल्या घराण्यातला? आपल्याकडे आडनाव सांगितलं की समोरचा मनातल्या मनात गाव, जात, देव सगळं लावून मोकळा होतो. एस्पोझितो म्हटल्यावर कुणालाच काही लावता येईना, आणि त्याची मला उगीचच चुटपुट लागली. मग मी कुलवृत्तांताचा छापील फॉर्म इंग्रजीत करून जावयाला पाठवला. हो, खरोखर पाठवला. मूळ गाव, कुलदैवत, गोत्र, आडनावाचा अर्थ व उगम, घराण्यातील उल्लेखनीय व्यक्ती.

त्याने इमानदारीने भरून परत पाठवला. मूळ गाव: नेपल्स, नंतर न्यूअर्क. कुलदैवत: माझी आजी. गोत्र: प्रश्नचिन्ह. आडनावाचा अर्थ: आजीला विचारा.

मी आजीला विचारलं नाही. शहाऐंशी वर्षांच्या बाईला काय विचारायचं, तिला काय ठाऊक असणार, असं मला वाटलं. मी कॉम्प्युटरवर बसलो. आडनाव टाइप केलं आणि पुढे ‘राजचिन्ह’ या अर्थाचा इंग्रजी शब्द टाकला. अर्थ शोधायच्या ऐवजी मला हवं ते मागितलं, आणि मिळालं. घराण्यांची चिन्हं छापून देणारं एक दुकान निघालं. ‘प्राचीन आणि मानाचं नाव’ एवढंच त्यांनी लिहिलं होतं आणि मला तेवढं पुरलं. ढालीवर दोन पायांवर उभा सोनेरी सिंह, वर तीन तारे, खाली फितीवर ‘एस्पोझितो’. मी मोठ्या साइजचं मागवलं, लाकडी फ्रेमसकट. ज्या माणसाने आपल्या खापरपणजोबांच्या एका सहीसाठी तीन जिल्ह्यांत पत्रं लिहिली, त्याने हा सिंह कुठून आला हे एकदाही तपासलं नाही.

लग्नाला सहा आठवडे असताना एका रविवारी दुपारी आम्ही केळवण केलं. मंडळातली चार-पाच घरं, मुलगी, जावई आणि त्याची आजी. मुलाचे आईवडील फ्लोरिडाला असतात, ते लग्नालाच येणार होते. आजी जवळच राहते आणि नातू तिच्या हाताखाली वाढलेला. छोटीशी, काळा ड्रेस, काळी पर्स, काठी. येताना तिने रिकोटा चीजचा केक करून आणला होता आणि तो कुणाच्या हातात न देता स्वतः टेबलावर नेऊन ठेवला. जेवणात मसालेभात, अळूवडी, श्रीखंड-पुरी. अळूवडी तिने तीनदा घेतली आणि बायकोला विचारलं, की ही पानं तू घरी लावतेस का. दोघींचं छान जमलं.

जेवणं आटपत आली तसा मी उभा राहिलो. बायकोने डोळ्यांनी बसा म्हणून सांगितलं, मी दुर्लक्ष केलं. भाषण तयार होतं, सगळ्यांना कळावं म्हणून इंग्रजीतून. आमच्या अकरा पिढ्या, मूळ गाव, कुलस्वामिनी. मग म्हणालो की आज एक प्राचीन घराणं दुसऱ्या तितक्याच प्राचीन घराण्याशी जोडलं जातंय. फ्रेमवरचं कापड ओढलं. टाळ्या पडल्या. मंडळातले एक काका म्हणाले, वा, राजघराणंच दिसतंय. जावई मान खाली घालून हसत होता. मुलगी हसत नव्हती.

आजीने चष्मा बदलला. फ्रेम जवळ आणायला सांगितली. बराच वेळ बघितली आणि मला विचारलं, “हा सिंह कुणाचा?”

मी म्हणालो, तुमचा.

“नाही,” ती म्हणाली. रागाने नाही. चुकून दुसऱ्याचं पार्सल आपल्या दारात आलं तर जसं सांगतात तसं. “आमच्या नावात सिंह नाही. तुम्हाला नावाचा अर्थ कुणी सांगितला नाही का? बाहेर ठेवलेला. उघड्यावर सोडलेलं मूल. ते नाव आम्ही घेतलं नाही, ते दिलेलं नाव आहे. ज्यांना कुणाचंच नाव नसायचं त्यांना हे द्यायचे.”

मला वाटलं, म्हातारीचं वय झालंय. नातवाकडे बघितलं. तो काही दुरुस्त करेना. तो नुसता तिच्याकडे बघत होता, ही गोष्ट शंभरदा ऐकलेल्या माणसासारखा.

मग तिने श्रीखंड खात खात सगळं सांगितलं. तिच्या नवऱ्याच्या पणजोबांचे आजोबा, म्हणजे फार जुनी गोष्ट. नेपल्समध्ये एका अनाथालयाच्या भिंतीत लाकडी पिंप होतं, उभ्या आसावर गोल फिरणारं. ते त्याला चाकच म्हणायचे. बाहेरून बाईने मूल आत ठेवायचं, पिंप फिरवायचं, घंटा वाजवायची आणि निघून जायचं. आतली बाई मूल उचलायची. दोघींनी एकमेकींचं तोंड बघायचं नाही. आणि आत आलेल्या प्रत्येकाचं आडनाव एकच. म्हणून तिकडे हे नाव एवढं पसरलंय, ती म्हणाली. त्या सगळ्यांचं एकमेकांशी नातं आहे असं नाही, सगळ्यांना बाहेर ठेवलं होतं एवढंच.

माझ्या हातात अजून फ्रेम होती. खाली कुठे ठेवावी ते सुचेना. एवढ्या लोकांसमोर मी या बाईपुढे सिंह धरला होता. लाजेपेक्षाही मी हबकून गेलो होतो. चार वर्षं मी माणसं नंबरात बसवत होतो आणि एका आडनावाच्या आत हे असं काही असू शकतं, याची मला पुसट कल्पनाही नव्हती.

पण खरा धक्का पुढेच होता. तिने काळी पर्स उघडली, रुमालाची घडी काढली, रुमालातून एक धातूचा तुकडा काढला. मदर मेरीचं लहानसं पदक, मधून तोडलेलं. अर्धं.

“ज्या बाईने ठेवला,” ती म्हणाली, “तिने हे तोडलं. अर्धं त्याच्या गळ्यात घातलं, अर्धं तिने नेलं. परत येऊन जोडून दाखवलं की मूल परत मिळायचं. ती आली नाही. मेली असेल, नाही तर कुणी येऊ दिलं नसेल. पण टाकायचं असतं तर तोडलं कशाला असतं? म्हणून आम्ही हे टाकत नाही. घरात येणाऱ्या सुनेकडे देतो.” आणि तिने तो तुकडा माझ्या मुलीच्या तळहातावर ठेवून तिची मूठ मिटली.

मुलगी रडायला लागली. बायको उठून स्वयंपाकघरात गेली. फ्रेम घेऊनच मी तिच्यामागे गेलो, काहीतरी बोलायला, बहुतेक स्वतःची बाजू मांडायला. ती सिंकपाशी पाठ करून उभी होती. वळलीसुद्धा नाही.

“पाकीट आठवलं ना?” ती म्हणाली.

मला पाकीट आठवलं. बत्तीस वर्षांत ते एकदाही आठवलं नव्हतं, आणि आता ते संपूर्ण, कडेच्या डागासकट डोळ्यांपुढे आलं. मी तिथल्या स्टुलावर बसलो.

भाऊ आणि भावजय बाळाला घेऊन भारतातून आले तेव्हा शिकागोला जाण्याआधी आठवडाभर आमच्याकडे राहिले होते. मूल नऊ-दहा महिन्यांचं. तिघंही जेटलॅगने भर सकाळी गाढ झोपलेली. भावाने आल्या आल्या मला सगळं सांगितलं होतं. अनाथाश्रमाच्या फाटकाबाहेर एक पाळणा टांगलेला असतो, त्यात ही सापडली, दोन-तीन दिवसांची. आणि हे, म्हणून त्याने एक खाकी पाकीट दिलं. आत बाळाच्या मनगटावर दृष्ट लागू नये म्हणून बांधतात ती काळ्या मण्यांची मनगटी, दोऱ्यात ओवलेली. पाकिटावर आश्रमातल्या बाईंनी निळ्या शाईने दोन ओळी लिहिलेल्या. भाऊ ते पाकीट दोन हातांनी धरायचा.

मला ते आवडलं नव्हतं. मनापासून तिचं भलंच चिंतत होतो, हे मी शपथेवर सांगतो. आता ही आपली झाली, मागचं काही चिकटायला नको, पाटी कोरी हवी, असं वाटलं. त्या सकाळी कचऱ्याची गाडी येणार होती. मी घरातल्या बादल्या भरता भरता टेबलावरचं ते पाकीट उचललं आणि पिशवीत टाकलं. भाऊ उठल्यावर त्याला सांगितलंही, मोठेपणाने. तो अनवाणी बाहेर पळाला. रस्त्याच्या कडेला रिकामं पिंप होतं. तो तिथे थोडा वेळ उभा राहिला, मग आत आला आणि बाळाची बाटली धुवायला लागला. आणि मी ते खरोखर विसरून गेलो.

तिच्या जन्माचा जगात एकच कागद होता आणि तो मी टाकला. मी, देवळाच्या वहीतल्या तीन ओळी लॅमिनेट करणारा. वर पुन्हा बत्तीस वर्षांनी तिला सांगितलं की तुझं मूळ ठाऊक नाही, म्हणून नंबर नाही.

मी बायकोला विचारलं, तिला हे माहीत आहे का. ती म्हणाली, भावजींनी कधीच सांगितलं नाही. पोरीच्या मनातून तुम्ही उतराल म्हणून. तिला एवढंच ठाऊक आहे की तिच्याबरोबर काहीच आलं नव्हतं.

बाहेर पाहुणे होते. मी बाहेर जाऊन आजीची माफी मागितली. ती म्हणाली, सिंह राहू दे, फ्रेम चांगली आहे, त्यात लग्नाचा फोटो लावा. मंडळी हसली, चहा झाला, सगळे गेले. मला त्यातलं फारसं आठवत नाही.

सोमवारी सकाळी मी समितीला ईमेल केला की नियम बदला, नाही तर अमेरिकेची शाखा दुसऱ्या कुणाला द्या. मग मसुद्यात पुतणीला नंबर घातला, भावाच्या नावापुढचं ‘अपत्य नाही’ खोडलं. हे पाच मिनिटांत झालं. पाच मिनिटांचं काम होतं, आणि भाऊ ते एकदा मागून, न मिळताच गेला. फोन करायला मात्र बुधवार उजाडला. तीनदा नंबर लावून कट केला.

तिने फोन उचलला तो नेहमीसारखा, हाय काका म्हणून. मी नंबराचं सांगितलं. ती इंग्रजीत म्हणाली की थँक्स, पण त्याची आता गरज नाही. आवाज सभ्य होता, बँकेत बोलतात तसा. तेव्हा वाटलं, इथेच थांबावं. नंबर दिला, माफी मागितली, झालं. भावाने एवढी वर्षं झाकलं ते आपण का उघडावं? पण मला सारखी त्या म्हातारीने मिटलेली मूठ दिसत होती. मी सांगून टाकलं. पाळणा, पाकीट, कचऱ्याची गाडी, तिचा बाबा अनवाणी पळाला ते. मध्ये कुठे सफाई दिली नाही. देण्यासारखी नव्हतीच.

ती आमच्याशी कधी मराठी बोलत नाही. मराठीत विचारलेल्याचं उत्तर इंग्रजीत देते. ती मराठीत म्हणाली, “कुठल्या हातात?”

मला कळलं नाही.

“ते मणी. कुठल्या हातात होते?”

पाकिटावर लिहिलेलं मला दिसत होतं. निळी शाई, जरा डावीकडे झुकलेलं अक्षर. मी म्हणालो, डाव्या. ‘डाव्या मनगटात काळ्या मण्यांची मनगटी, एक. गाठ दुहेरी.’

“आर यू शुअर, काका?”

मी हो म्हणालो. माझ्या आयुष्यात मी कशाबद्दलही इतका खात्रीने बोललो नसेन. ती हळूहळू म्हणाली, “म्हणजे तिने दोन गाठी मारल्या. सुटू नये म्हणून.” मग ती रडायला लागली आणि मीही. दोघं फोनवर तसेच बसून राहिलो. मी बहात्तर वर्षांचा आहे. भावाच्या अंत्यविधीलाही मी असा रडलो नव्हतो.

जरा वेळाने तिने नाक पुसल्याचं ऐकू आलं. ती म्हणाली की नंबराचं तुमचं तुम्ही बघा, पण हे पुस्तकात लिहा. माझ्या नावाखाली, बारीक नाही, सगळ्यांसारख्याच टायपात. मी म्हणालो, लिहितो. पेन हातातच होतं.

“आणि ते मणी कुठे गेले, तेही लिहा,” ती म्हणाली.

लग्नाला येणार का, हे मी विचारलं नाही. रात्रीच्या जेवणाला मुलीकडून कळलं, की तिने करवलीच्या साडीचा रंग विचारलाय. मी जेवून उठलो, माझ्या खोलीत गेलो आणि नोंद पूर्ण केली. समितीतले एक गृहस्थ ती काढून टाका म्हणून अजून मागे लागले आहेत, घराण्याची शोभा होते म्हणतात. मी काढणार नाही. नोंद अशी आहे: ‘जन्मदात्रीने डाव्या मनगटात काळ्या मण्यांची मनगटी दुहेरी गाठीने बांधली होती. ती मनगटी आणि तिच्यासोबतचं पाकीट प्रस्तुत संपादकाने कचऱ्यात टाकलं.’